छातीच्या फोटोतला मोर

माझा स्वभाव डॉक्टरला शोभणारा नाही, असं माझा नवरा लग्न झाल्यापासून म्हणत आलाय. डॉक्टर कसा शांत हवा, रिपोर्ट बघताना चेहऱ्यावरची रेघ हलता कामा नये. माझं सगळं उलटं. डोक्यात काही चमकलं की मी खुर्चीतून उठते, टेबलावर थाप मारते, आणि समोरच्या आईला वाटतं, आता ही आपल्याला मारते की काय. लहान मुलांची डॉक्टर असल्यामुळे हे खपून जातं. मुलांना असा दंगा आवडतो.

गौरी-गणपती नुकतेच गेले होते. चांदवडकडच्या एक बाई मुलीला घेऊन नाशिकला माझ्या दवाखान्यात आल्या. मुलगी सातवीतली, दोन वेण्या, हाडं मोजून घ्यावीत अशी, आणि तोंडावर ओढणी घट्ट गुंडाळलेली. तीन खुर्च्या होत्या. आई एका टोकाला बसली, मुलगी दुसऱ्या टोकाला, मधली रिकामी. माझ्याकडे येणारी मुलं आईच्या अंगाला गोचिडासारखी चिकटलेली असतात, त्यामुळे ती रिकामी खुर्ची माझ्या डोळ्यांत भरली.

"हिला परत टीबी झालाय," आई म्हणाल्या. "मागच्या वर्षी पुरा कोर्स केला. एक दिवस गोळी चुकवली नाय. आता परत खोकला, परत फोटोत डाग. तिथले डॉक्टर म्हणत्यात, परत चालू करा. पोरगा म्हणला, एकदा नाशिकला दाखव."

आमच्याकडे एक्स-रेला फोटो म्हणतात. त्यांनी पिशवीतून या महिन्याचा छातीचा फोटो काढला, थुंकीच्या तपासणीचा कागद काढला. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नव्हते, जनुकांची नवी तपासणी करूनही नाही. फोटोत मात्र डाव्या फुफ्फुसात मधोमध ढगासारखा पांढरा डाग स्पष्ट होता.

"लहानपणी काही त्रास?"

"बाळदमा होता. पंप दिला होता, पण सवय लागंल म्हणून आम्ही बंद केला."

हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण या वेळी मी गप्प बसले, कारण कानाला स्टेथोस्कोप लावला होता आणि मुलीच्या छातीत दोन्ही बाजूंनी शिट्ट्या वाजत होत्या. दम्याच्या शिट्ट्या. एका बाजूला डाग आणि दोन्हीकडे शिट्ट्या, हे टीबीचं चित्र मला पटेना. अंगात बारीकशी शिरशिरी आली. ही शिरशिरी मला ओळखीची आहे. ती आली की मी जेवण विसरते.

"ताई, तुम्ही जरा बाहेर बसा. मला हिच्याशी बोलायचंय."

आई बाहेर गेल्या. मी मुलीला ओढणी काढायला सांगितली. तिने मान हलवली. "तुम्हाला व्हईल."

"मला काही होत नाही, मी फार खाष्ट आहे."

ती हसली आणि हसता हसता खोकली. मी विचारलं, खोकल्यात काय पडतं? मग तिने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि सांगितलं. कधी कधी खूप खोकला आला की चिंचेच्या गोळ्यासारखं काहीतरी पडतं, तपकिरी, घट्ट, रबरासारखं. ते पडलं की थोडे दिवस बरं वाटतं. पण ती ते कुणाला दाखवत नाही. शेताच्या बांधावर जाते, तिथे थुंकते आणि पायाने माती लोटते.

"का गं?"

"दिसलं तर म्हणतील, हिचा टीबी वाढला. मंग बारशाला मला घेणारच नाय."

"कुणाचं बारसं?"

तेव्हा तिचे डोळे असे लखलखले की मला क्षणभर कळेना, आजारी मुलगी समोर बसलीय की कुठली पाहुणी आनंदाची बातमी घेऊन आलीय. तिच्या मोठ्या भावाला मुलगी झाली होती. वहिनीला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. बाळ घरातच होतं, आणि या मुलीने ते अजून एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. दारातून बघायचं, बस. बारसं दिवाळीच्या तोंडावर करायचं ठरलं होतं. बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं असतं, आणि आत्या ही एकटीच. पण हिचं तोंड बाळाच्या कानाशी न्यायचं कसं? म्हणून लांबची एक चुलतबहीण बोलवायचं चाललं होतं.

"मी आत्या हे," ती म्हणाली. "ती नाय. ती लांबची हे. नाव पण मीच शोधलंय."

खरं सांगते, मला त्या क्षणी रडू आणि राग दोन्ही एकदम आलं. पण त्याहून जास्त आली ती घाई. तपकिरी गोळे, दमा, येणारे-जाणारे डाग, टीबीचे जंतू मात्र कुठेच नाहीत. हवेत एक बुरशी असते, आपण सगळेच ती रोज श्वासातून आत घेतो आणि आपल्याला काही होत नाही. पण दमा असलेल्या एखाद्या मुलाच्या शरीराला ती अजिबात खपत नाही. शरीर तिच्यावर तुटून पडतं, श्वासनळ्या सुजतात, आत चिकट, घट्ट कफाची बुचं बसतात. जिथे बूच बसेल तिथे फोटोत डाग दिसतो. बूच खोकल्यातून पडलं की डाग जातो आणि काही महिन्यांनी दुसरीकडेच उगवतो. टीबी सहसा असा घर बदलत फिरत नाही.

म्हणजे मला एकच गोष्ट बघायची होती. मागच्या वर्षीचा डाग याच जागी होता की दुसरीकडे? आई आत आल्या आल्या मी विचारलं, "मागच्या वर्षीचा फोटो कुठाय?"

आईने मुलीकडे बघितलं. मुलीने पंख्याकडे बघितलं.

"त्याचा मोर केला," मुलगी म्हणाली.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण मग आठवलं, आमच्याही घरी लहानपणी हेच चालायचं. जुना एक्स-रे म्हणजे रांगोळीच्या छापासाठी देवाने दिलेली वस्तू. न फाटणारा, न मोडणारा. त्यावर पेनने नक्षी काढायची, दाभण गॅसवर तापवायचं आणि नक्षीवरून बारीक भोकं पाडत जायचं. मग छाप जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली की खाली आयता मोर. या घरात वहिनीचा हात चांगला. कोर्स संपला, डाग गेला म्हणून सांगितलं, तेव्हा त्या फोटोचं काम संपलं आणि त्याचा मोर झाला.

"मग आणा तो मोर!" मी टेबलावर थाप मारली. आई दचकल्या.

"मॅडम, तो शेजारच्या काकूंकडं हे. गौरीला नेला होता."

लगेच फोन लावायला लावला. वहिनीने उचलला. मी स्पीकरवर ओरडतेय, शेजारच्या काकूंकडून मोर आणा आणि हे लक्षात ठेवा, त्याला धुऊ नका! घासू नका! तिकडून वहिनीचा घाबरलेला आवाज, "पण मॅडम, मोरावर हिरवा रंग हे." असू दे, म्हटलं, निळा असता तरी चाललं असतं. पलीकडे बाळ रडत होतं. माझ्यासमोर बसलेल्या आत्याने फोनकडे मान वळवली आणि रडणं थांबेपर्यंत तशीच ऐकत राहिली.

त्या दिवशी मी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, पंप पुन्हा सुरू केला आणि टीबीच्या गोळ्या दोन-चार दिवस सुरू करू नका म्हणून तिथल्या डॉक्टरांशी स्वतः बोलले. ते भले गृहस्थ. "मलाही खात्री नव्हती, बघा तुम्ही," म्हणाले. संध्याकाळभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. नवरा म्हणाला, "कुणाचं लग्न ठरलंय का?" मी म्हटलं, मोर यायचाय. त्याने पुढे विचारलं नाही. संसारात माणूस काही गोष्टी शिकतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा भाऊ आला. बाजार समितीत कांदा उतरवून तसाच, अंगाला कांद्याचा वास, आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोर. काकूंनी देताना बजावलं होतं म्हणे, परत पाहिजे, दिवाळीला लागंल. मी कागद फाडलाच. सुंदर मोर होता हो! पिसारा अख्ख्या छातीभर पसरलेला, मान गळ्यापाशी. भोकांत हिरवी रांगोळी अडकलेली. मी तो लाइटवर लावला आणि माझा उत्साह जागच्या जागी थिजला. वहिनीने चारी कोपरे गोल कापले होते. डावी-उजवी बाजू सांगणारं अक्षर कोपऱ्यासोबत गेलं होतं. डाग तर दिसत होता, पिसाऱ्याच्या वरच्या भागात. पण तो उजवीकडचा की डावीकडचा? फिल्म उलटी धरली तर सगळंच उलटं होणार.

भाऊ बिचारा माझ्या चेहऱ्याकडे बघत उभा. "चुकलं का काही?"

मग मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. अक्षर गेलं म्हणून काय झालं, हृदय कुठे जाणार होतं? मोराच्या पायांच्या मागे, भोकांच्या जाळीआडून, हृदयाची मोठी सावली नीट दिसत होती, एका बाजूला कललेली. आदल्या दिवशी स्टेथोस्कोपने ठोके ऐकले होते, तिचं हृदय सगळ्यांसारखं डावीकडेच होतं. मी मोर उलटा केला, हृदय डावीकडे आणलं, आणि डाग गेला उजवीकडे. वर, उजवीकडे! शेजारी या महिन्याचा फोटो लावला. त्यात ती उजवीकडची जागा पुसल्यासारखी स्वच्छ, आणि डाग डावीकडे, मधोमध.

"सरकला!" मी ओरडले. "दादा, सरकला! बघा, इथून इथे!"

दादाला काही कळलं नाही, पण तोही ओरडला, "सरकला!" बाहेरच्या बाकावरची दोन मुलं आत डोकावली.

एका मोरावर निदान होत नसतं, एवढं भान मला होतं. म्हणून रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत मी तोंड बंद ठेवलं, म्हणजे माझ्या मानाने बंद. रिपोर्ट आले. ॲलर्जी दाखवणारा आकडा असा चढलेला की प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः फोन करून विचारलं, मॅडम, पुन्हा तपासू का? त्या बुरशीच्या नावाची खास तपासणीही ठळक निघाली. फुफ्फुसांचा सीटी काढला. त्यात घट्ट कफाची बुचं दिसली, आणि एका ठिकाणी श्वासनळी थोडी फुगलेली. थोडीच. हे आणखी काही वर्षं टीबी-टीबी म्हणत गेलं असतं तर नळ्या कायमच्या सैल पडल्या असत्या, आणि मग मी टेबलावर कितीही थापा मारल्या असत्या तरी त्या परत जागेवर आल्या नसत्या. त्या विचाराने माझा उत्साह थोडा वेळ बसला. छातीच्या तज्ज्ञ मैत्रिणीला सगळं पाठवलं. तिचं उत्तर आलं, "शंकाच नाही. पण मधेमधे हे मोराचं शेपूट काय आहे?"

आई आणि मुलगी पुन्हा आल्या. मधली खुर्ची पुन्हा रिकामी. मी सांगितलं, हा टीबी नाही. हा एकाचा दुसऱ्याला होत नाही. बाळाला नाही, कुणालाच नाही. ही बुरशीची ॲलर्जी आहे आणि तिच्यावर औषध आहे. आईंनी रिपोर्ट हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. त्यांना विश्वास ठेवायची भीती वाटत होती, हे मला दिसत होतं.

"ही बुरशी असते कुठं?"

"सगळीकडे. कुजका पाला, उकिरडा, ओलसर भिंत. कांदा सडतो तेव्हा त्याच्यावर काजळी धरते ना, तशा जागी तर फारच. ही झोपते कुठे?"

आईचा चेहरा पडला. मुलगीच बोलली, अगदी सहज. "कांदा साठवतात त्या चाळीपाशी. बाळ आल्यापासून माझी खाट तिकडं टाकलीय. पावसाळ्यात कांदा लय सडला ना, मंग बसल्या बसल्या मी सडका कांदा निवडते. तेवढीच मदत."

मी उठून उभी राहिले. मला ओरडायचं होतं, आणि ओरडलेही, पण वाक्य काही पूर्ण होईना. बाळाला जपायचं म्हणून मुलीला घराबाहेर काढलं, आणि काढलं कुठे, तर जिथे तिचा आजार पोत्यांनी भरून ठेवला होता तिथे! आई खुर्चीवर आक्रसून बसल्या होत्या. त्यांचा काय दोष? तान्हं बाळ, ओली बाळंतीण आणि खोकणारी मुलगी, तिघांना एका घरात एकटीने सांभाळायचं होतं. ज्याने जे सांगितलं ते त्यांनी केलं. मी खाली बसले आणि आवाज उतरवला.

"ताई, खरा टीबी असता तरी औषध चालू झाल्यावर काही दिवसांनी तो पसरत नाही. मागचं वर्षभर हिचं ताट वेगळं ठेवायची गरजच नव्हती. आता आज घरी गेल्यावर खाट आत घ्या. चाळीत हिने पाऊल टाकायचं नाही. सडका कांदा निवडायला दादाला बसवा."

"दादा तर नाकच मुरडतो," मुलगी म्हणाली. आईला हसू आलं, पण ते पुरतं बाहेर पडलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. सूज उतरवणाऱ्या, बुरशी आवरणाऱ्या, आणि जोडीला पंप. कसा ओढायचा, किती वेळ श्वास धरायचा, नंतर चूळ भरायची, सगळं मी तिच्याकडून माझ्यासमोर करून घेतलं. पंपाने सवय लागत नाही, हे मी आईकडून तीनदा म्हणवून घेतलं. दोन आठवड्यांनी मुलगी आली तेव्हा शिट्ट्या ऐकायला मला कान टवकारावे लागले. त्यापुढच्या फोटोत डाग पुसट, आणि नंतरच्या फोटोत नाहीसा. हे फोटो कापायचे नाहीत, असं मी प्रत्येकावर लाल शाईने लिहून दिलं. वहिनीने निरोप पाठवला, तुम्ही आमचा धंदाच बुडवला.

आणि मग बारशाचं आमंत्रण आलं. आमंत्रण द्यायला दादा आला होता. जाता जाता चाचरत म्हणाला, "मॅडम, काकू म्हणत्यात, येताना मोर आणा."

मोर तोपर्यंत माझ्या दवाखान्यातला मानकरी झाला होता. येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला मी तो लाइटवर लावून दाखवत असे. हृदय कुठाय सांग? डाग कुठाय सांग? आता त्याचा मोबाइलवर नीट फोटो काढून घेतला आणि जड मनाने तो वर्तमानपत्रात गुंडाळला. नवऱ्यालाही सोबत घेतलं. हायवेवरून चांदवडला पोचेपर्यंत तो म्हणत होता की बारशाला जाताना एवढी धडधड फक्त बापाला होते.

अंगणात काकू मोराची वाट बघतच उभ्या होत्या. आत पाळणा, झेंडूच्या माळा, बायकांची गर्दी. आत्याबाई मध्यभागी, जरीचं परकर-पोलकं घालून. तोंडावर ओढणी नव्हती. वहिनीने बाळ तिच्या हातात दिलं, आणि बाया बोलता बोलता थांबल्या. गावाला सगळं माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. त्या शांततेत प्रत्येकीचे कान एकाच आवाजाकडे लागले होते, खोकल्याच्या. माझेही. स्टेथोस्कोप गाडीत राहिला याची मला चुटपुट लागली.

तिने बाळाला पाळण्यात ठेवलं, वाकली, तोंड त्या इवल्या कानाशी नेलं आणि छातीभरून श्वास घेतला. तो श्वास आत जाताना मी ऐकला. शिट्टी नव्हती.

"कुर्रर्रर्र..."

किती लांब! एवढा लांब कुर्र मी कुठल्याच बारशाला ऐकला नव्हता. आणि मग तिने नाव सांगितलं.

आमच्याकडे आत्या कानात नाव सांगत असताना बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. गंमत म्हणून, कौतुक म्हणून. पण कुणाचा हात पुढे येईना. वर्षभर त्या पाठीला कुणी हात लावला नव्हता. ती तशीच वाकून थांबली होती, हे मला दिसलं. तिला रीत माहीत होती आणि ती वाट बघत होती. मी पुढे व्हायला पाय उचलला, पण त्याआधी गर्दीतून आई आल्या. त्यांनी हात उगारला, मध्येच थांबवला, आणि मग मुलीच्या पाठीत असा दणदणीत धपाटा घातला की पाळणा हलला. लगेच काकूंचा पडला, वहिनीचा पडला, सगळ्यांचे पडले. माझाही. हसण्याने घर भरून गेलं.

मुलगी वळली. डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू. खोकला नाही.

"आई," ती म्हणाली, "तू अजून एकदा मार ना."